मोरचुदाचं पाणी

कौतिकच्या बोटातला थेंब निळ्या पाण्यात पडला, थोडा खाली गेला, जरासा थबकला आणि सरळ वर येऊन तरंगू लागला.

"नाही चालणार," रक्तपेढीचे तंत्रज्ञ पितांबर बडगुजर म्हणाले. "रक्त कमी आहे तुमचं."

मंदिराच्या सभामंडपात बसलेल्या माणसांत जो हशा पिकला, तो काही केल्या थांबेना. कौतिक केळीचे घड वाहणारा गडी होता. दोन खांद्यांवर दोन घड घेऊन तो बांधावरून असा चालायचा की बघणाऱ्याचीच मान दुखावी. सकाळपासून दोन वेळा त्याने सगळ्यांना ऐकवलं होतं की माझी रक्ताची पिशवी सगळ्यात आधी भरेल.

"काय सांगता साहेब? मले रगत कमी?" तो म्हणाला. "काल टरक भरला मी केयीचा. एकट्यानं!"

"ट्रक भरणं वेगळं. हे पाणी खोटं बोलत नाही," पितांबर म्हणाले आणि पुढच्या माणसाला हात पुढे करायला सांगितलं. हे वाक्य त्यांनी चौतीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल, त्याला गणती नव्हती.

ते निळं पाणी मोरचुदाचं. केळीवर, पपईवर फवारणीला शेतकरी आणतात तोच मोरचूद, फक्त इथे तो तोलून पाण्यात विरघळवलेला. त्या पाण्याची घनता ठरवून घेतलेली असते. धडधाकट माणसाचं रक्त त्याहून किंचित जड, म्हणून थेंब बुडतो. रक्तात हिमोग्लोबिन कमी असलं की थेंब तेवढाच दिसतो, पण हलका पडतो आणि वर येतो. पंधरा सेकंदांत थेंब बुडाला तर माणूस पलंगावर, तरंगला तर चहा-बिस्कीट खाऊन घरी. एवढा साधा न्याय.

या वर्षापासून हे काम यंत्र करतं. पट्टीवर थेंब ठेवला की आकडा येतो. पण मे महिन्यातलं फैजपूरकडचं ऊन त्या यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं. दहा वाजता पारा बेचाळिशीला टेकला आणि यंत्राने पडद्यावर थर्मामीटरचं चित्र काढून काम बंद केलं. बरोबर आलेली मयुरी ही नवी तंत्रज्ञ मुलगी गोंधळून गेली. पितांबर मात्र उठले, गाडीच्या मागच्या भागातून मोरचुदाच्या पाण्याचा जुना कॅन काढला, काचेची बरणी पुसली आणि कामाला लागले. मनातून त्यांना बरंच वाटलं होतं. यंत्र हरलं आणि आपण उरलो, असं वाटायला निवृत्तीला सात महिने राहिलेला माणूस मोकळाच असतो.

जळगावच्या रक्तपेढीत पितांबर बडगुजर म्हणजे कडक माणूस अशी ख्याती होती. पुढाऱ्याचा भाऊ असो की डॉक्टरचा मेहुणा, थेंब तरंगला की बाहेर. त्यांची बायको भिकुबाई एकदा म्हणाली होती, "तुम्हाला माणूस दिसतच नाही. थेंब दिसतो." ते तिला हसले होते. पण गोष्ट खरी होती. चौतीस वर्षांत हजारो बोटं त्यांच्या हातात आली, चेहरे मात्र फार थोडे लक्षात राहिले.

आजचं शिबिर तेजसच्या वर्षश्राद्धाचं होतं. उखर्डूनाना चौधरींचा तो एकुलता मुलगा, चोवीस वर्षांचा. गेल्या वर्षी याच तारखेला भरदुपारी सावद्याच्या रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला ट्रॅक्टरची ट्रॉली लागली. जळगावला नेलं, तिथे संध्याकाळपर्यंत तो होता. वर्षाला गावजेवण घालण्यापेक्षा रक्तदान ठेवू, असं नानांनीच ठरवलं. मंडपाच्या खांबाला टेकवून तेजसचा फोटो ठेवला होता. फोटोतल्या पोराने डोळ्यांवर काळा चष्मा चढवला होता आणि ओठ दाबून हसू आवरलं होतं.

कौतिकच्या मागून एक बाई पुढे आली. पन्नाशीची, हाडापेराने थोराड, पण चेहरा कच्च्या मातीच्या भांड्यासारखा फिका. तिने पदर डोक्यावर घट्ट ओढला होता. खुर्चीवर बसली आणि काही न बोलता डावा हात पुढे केला.

"ही तेजसची आई," नाना हळूच म्हणाले. "बेबाबाई. तिले नका नाही म्हणू साहेब. वर्षभर या दिवसाची वाट पाहू राह्यली ती."

पितांबरांनी बोट पुसलं, सुई टोचली, काचेच्या बारीक नळीत रक्त घेतलं आणि बरणीच्या वर धरून थेंब सोडला. निळ्या पाण्यात तो लाल मणी अर्ध्यापर्यंतही गेला नाही. वळून वर आला.

"अक्का, तुम्हाला देता येणार नाही," पितांबर म्हणाले. "रक्त कमी आहे."

बाई उठली नाही. त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मांगच्या साली बी तुम्हीच सांगतलं व्हतं मले," ती म्हणाली. "याच शब्दांत."

"मी?"

"दवाखान्यात पोरगं पडेल व्हतं. रगत आना म्हने. मी पयली धावली तुमच्याकडे. तुम्ही असाच थेंब टाकला. म्हनले, अक्का, तुम्हाले देता येनार नही." ती थांबली. "माह्या पोराले जगातल्या लोकायचं रगत चाललं. आईचंच नही चाललं."

पितांबरांना काही केल्या तो दिवस आठवेना. घाबरेघुबरे नातेवाईक रोज येतात, हात पुढे करतात, कुणी बसतो, कुणाला परत पाठवतात. ही बाई कधी आली, काय नेसली होती, रडत होती का, काहीच नाही. एका माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट दुपार त्यांच्या डोक्यात नोंदलेलीसुद्धा नव्हती. त्यांना लाज वाटली.

"पुढचे," ते म्हणाले आणि त्यांनी नवी सुई उघडली.

पुढचा नानांचा पुतण्या होता, नाव नवीन. कबड्डी खेळणारा, मांड्या खांबासारख्या. त्याचाही थेंब वर आला. आता मात्र कुणी हसलं नाही. मयुरीने वहीत बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "काका, एकतीसपैकी बावीस जण परत पाठवले आपण. असं कधी होतं का?"

पितांबरांनी वही घेऊन स्वतः मोजलं. मग त्यांनी स्वतःचंच बोट पुढे केलं, सुई टोचून घेतली आणि थेंब बरणीत सोडला. मागच्याच महिन्यात त्यांनी तपासून घेतलं होतं, हिमोग्लोबिन पावणेचौदा. थेंब बुडायलाच हवा होता.

तो तरंगला.

ते उठून गाडीकडे गेले. कॅन उचलला, उजेडात धरला. पाणी खुणेच्या खाली दोन बोटं उतरलं होतं. आणि कॅनच्या तोंडाला झाकण नव्हतं, कापसाचा बोळा होता. त्यांनीच लावलेला. रामनवमीच्या सुमारास झाकण तडकलं तेव्हा हाताला घरचा सरकी काढलेला कापूस लागला, तो घट्ट दाबून बसवला आणि उद्या नवं झाकण आणू असं म्हणून विसरले. पुढे यंत्र चालत राहिलं, कॅन गाडीत उन्हात तापत राहिला. पाणी कापसातून उडून गेलं, मोरचूद तेवढाच राहिला. पाणी जड झालं. हे पाणी खोटं बोलत नाही म्हणे! कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या माणसानेच करावी अशी ही चूक होती.

"मयुरी, गावात बारीक काटा असलेलं दुकान कुठे आहे, विचार," ते म्हणाले. "सोनाराचं."

सोनाराचं दुकान देवळाच्या पाठीलाच होतं. झुलालशेठ भर दुपारी पंख्याखाली पेंगत बसले होते. रक्तपेढीचा माणूस हातात काचेचा चंबू आणि निळ्या पाण्याचा कॅन घेऊन दारात उभा बघून ते खडबडून उठले.

"शेठ, तुमचा काटा किती बारीक तोलतो?"

"ग्रॅमचा शंभरावा भाग. का बरं? हे काय आनलं तुम्ही?"

पितांबरांच्या पिशवीत तो चंबू कायम असे. मानेवर एक कोरलेली रेघ, त्या रेघेपर्यंत भरलं की बरोबर पन्नास मिलीलीटर. आधी त्यांनी रिकामा चंबू काट्यावर ठेवून वजन शून्य करून घेतलं. मग बरोबर आणलेल्या बाटलीतलं शुद्ध पाणी रेघेपर्यंत भरलं. काट्याने एकोणपन्नास पूर्णांक सत्तर दाखवलं. उन्हाळ्यात पाणी फुगतं, म्हणून पन्नासला जरासं कमी. ते त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं. मग चंबू कोरडा करून त्यात निळं पाणी भरलं, अगदी त्याच रेघेपर्यंत.

"तेवढंच पानी," झुलालशेठ वाकून बघत म्हणाले. "रेघ तीच. मग वजन जास्त कसं?"

पितांबरांना एकदम त्यांचे वडील आठवले. वडील पारोळ्याच्या बाजारात मापाडी होते. ज्वारीची रास समोर ओतलेली, आणि वडील पायली भरून, वरून लाकडाने सपाट करून मोजत जायचे. लहानपणी पितांबरांनी विचारलं होतं, दोन्ही पायल्या सारख्याच भरल्या, मग एक उचलायला जड का? वडिलांनी दोन्ही रासांतले दाणे त्यांच्या हातावर ठेवले होते. एक भरलेला, एक पोचट. "माप सारखंच शे, पोऱ्या," ते म्हणाले होते. "पन दानामा काय शे, ते वजन सांगस." पुढे नववीत मास्तरांनी फळ्यावर वस्तुमान भागिले आकारमान असं लिहिलं, तेव्हा सगळ्या वर्गात ते एकट्या पितांबरला आधीच माहीत होतं.

"जागा तेवढीच, शेठ," ते म्हणाले. "पण त्या जागेत माल जास्त कोंबलाय. अठरा कॅरेटची आणि बावीस कॅरेटची अंगठी एकाच साच्यातून काढली तर काट्यावर सारखी भरते का?"

"छे! बावीसची जड व्हनारच."

"तसंच."

काट्यावर आकडा स्थिरावला. बावन्न पूर्णांक बासष्ट. पितांबरांनी चिठ्ठीवरच्या शुद्ध पाण्याच्या वजनाला ठरलेल्या घनतेने, म्हणजे एक पूर्णांक शून्य त्रेपन्नने, गुणलं. यायला हवं होतं बावन्न पूर्णांक तेहतीस. फरक एकोणतीस शतांश ग्रॅमचा.

"म्हणजे अडीच गुंजा," झुलालशेठ सवयीने म्हणाले.

अडीच गुंजा. तेवढ्या वजनाने गावातली बावीस माणसं अशक्त ठरली होती. पितांबरांनी तिथेच बसून कॅनमधलं थोडं पाणी मोठ्या भांड्यात घेतलं, त्यात शुद्ध पाणी घातलं, ढवळलं, चंबू भरला, तोललं. अजून जड. परत पाणी, परत काटा. तिसऱ्या वेळेला आकडा बावन्न तेहतीसवर येऊन थांबला. झुलालशेठनी नकळत हात जोडले, जशी एखादी मूर्ती घडून झाल्यावर जोडावेत.

मंडपात परत येऊन पितांबरांनी बरणी धुऊन नव्या पाण्याने भरली आणि स्वतःचा थेंब पुन्हा टाकला. तो खाली गेला आणि तळाशी टेकला. मयुरीने सुस्कारा सोडला. "काका, बरणी बदलली असं सांगू या लोकांना. चूक झाली म्हणून कशाला सांगायचं?"

"आणि ते कमी रक्ताचं म्हणून वर्षभर गोळ्या खात बसतील त्याचं काय?" पितांबर म्हणाले. ते सरळ देवळाच्या भोंग्यापाशी गेले.

"रक्तदानाला येऊन ज्यांना परत जावं लागलं, त्यांनी कृपा करून पुन्हा यावं," त्यांचा आवाज सगळ्या गावावर गेला. "तुमच्या रक्तात खोट नव्हती. आमच्या पाण्यात होती. चूक माझी आहे. पितांबर बडगुजर, तंत्रज्ञ. मी माफी मागतो."

चौतीस वर्षांत त्यांनी असं वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. भोंगा बंद करून ते बरणीपाशी परत आले.

सगळ्यात आधी कौतिक आला, आणि येताना बरोबर पाच-सहा जण घेऊन आला. "मी म्हनलंच व्हतं!" तो दारातूनच ओरडला. "माह्या बायकोनं लगेच सुरू केलं ना, बीट खा, गूळ-शेंगदाने खा. जीव नको केला एका घंट्यात!" माणसं हसली, पण त्यात राग नव्हता. एक म्हातारा तेवढा म्हणाला, "साहेब, गावाची अब्रू वाचली. केयीच्या गावात रगत नही म्हनले असते लोक." पितांबरांनी मान खाली घातली आणि सुई हातात घेतली. बावीसपैकी सतरा परत आले. त्यांनी मयुरीला एकच बरणी पुढे ठेवायला सांगितली. कौतिकचा थेंब दगडासारखा खाली गेला. नवीनचा गेला. एकामागून एक सतराही थेंब तळाशी जाऊन बसले, आणि माणसं पलंगांवर आडवी झाली.

बेबाबाई खांबाशी, मुलाच्या फोटोजवळ बसून हे सगळं बघत होती. सगळे झाल्यावर ती उठली आणि खुर्चीवर येऊन बसली. हात मात्र तिने लगेच पुढे केला नाही.

"एक इचारू, भाऊ?"

"विचारा, अक्का."

"मांगच्या साली, त्या दिवशी... ते पानी बी असंच व्हतं का? बिघडेल?"

पितांबरांच्या लक्षात आलं की भोंग्यावरून बोलल्या क्षणापासून ती हाच प्रश्न घेऊन बसली होती. उत्तर त्यांना ठाऊक होतं. रक्तपेढीतलं द्रावण दर सोमवारी ते स्वतः करत, तोलत, वातानुकूलित खोलीत काचेचं बूच लावून ठेवत. एकदाही चुकलं नव्हतं. पण 'हो' म्हणणं किती सोपं होतं! हो अक्का, तेव्हाही आमचंच चुकलं, तुमचं रक्त उत्तम होतं. एका शब्दात या बाईच्या डोक्यावरचा धोंडा त्यांच्या डोक्यावर आला असता, आणि आज एवढी माफी मागून झालीच होती, त्यात अजून एक. शेजारीच शुद्ध पाण्याची बाटली होती. बरणीत दोन चमचे ओतले की आजचाही थेंब बुडाला असता. कुणाला कळलं नसतं.

आणि मग साडेतीनशे मिलीलीटर रक्त या फिक्या बाईच्या अंगातून काढून घ्यावं लागलं असतं.

"थांबा जरा," ते म्हणाले आणि बाजूला जाऊन त्यांनी रक्तपेढीत भूषणला फोन लावला. भूषण रक्त देण्या-घेण्याची नोंद ठेवायचा. गेल्या वर्षीची तारीख सांगितली, नाव सांगितलं. तो शोधेपर्यंत पितांबर फोन कानाला लावून उन्हात उभे राहिले. पाच मिनिटांनी परत आले तेव्हा नानाही बायकोच्या खुर्चीमागे येऊन उभे होते.

"अक्का, खरं सांगतो," पितांबर खाली बसत म्हणाले. "त्या दिवशीचं पाणी बरोबर होतं. ते मीच केलं होतं आणि मीच तोललं होतं. तुमचं रक्त तेव्हा कमीच होतं."

बाईचा चेहरा हलला नाही. फक्त मांडीवरचे हात एकमेकांत गुंतले.

"पण दुसरी एक गोष्ट आहे, ती तुम्हाला कुणी सांगितलीच नसेल. तेजससाठी त्या दिवशी अकरा पिशव्या काढून ठेवल्या होत्या. दहा लागल्या. अकरावी तशीच परत आली. आताच वहीत बघायला लावलं मी. रक्त कमी पडलं नव्हतं, अक्का. तुमची पिशवी असती, तर तीही परत आली असती."

 पलंगावर पडलेल्या कौतिकने मान उचलून तिच्याकडे बघितलं.

"परत आली?" बेबाबाईने विचारलं.

"परत आली."

"म्हंजे पोराले रगत पुरलं व्हतं."

"पुरलं होतं. मार डोक्याला होता."

तिने पदराचा बोळा करून तोंडाला लावला. रडली नाही, नुसतीच श्वास घेत राहिली, खूप दूरवरून पाण्याचा हंडा आणून ठेवल्यावर बायका घेतात तसा. 

"वर्षभर मले म्हने, मीच कमी पडली," नाना म्हणाले. "आम्हाले काय माहीत, साहेब? आम्हाले कुनी सांगतलंच नही."

थोड्या वेळाने बाईने स्वतःच हात पुढे केला. "टाका थेंब. काय व्हईन ते व्हवो. पन रगत कमी म्हंजे काय असते, ते सांगा मले. मी तं दिसाले एवढी मोठी."

पितांबरांनी बरणीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तुम्ही शेतात काय लावता?"

"दोन एकर केयी. आन् बांधाकडे भरताची वांगी."

"भरताचं वांगं कसं निवडता?"

ती पहिल्यांदाच जराशी हलली. हा विषय तिचा होता. "दिसाले मोठं पाह्यजे आन् हातात हलकं पाह्यजे. दोन वांगी बरोबरीची घ्यायची, एका हातात एक. जे जड लागलं ते ठेवून द्यायचं. त्यात बिया. हलकं असते त्याचं भरीत लोन्यासारखं व्हते." बोलता बोलता ती फोटोकडे वळली. "तेजसले मी शिकवलं व्हतं. पन त्याले शेवटपर्यंत जमलं नही. जडच उचलून आनायचा."

"रक्ताचंही तसंच, अक्का. थेंब सगळ्यांचा एवढाच. कुणाचा भरलेला, कुणाचा पोकळ. वांग्यात हलकेपणा चांगला. माणसात नाही."

"उपासाचे चार वार धरते ती," नाना म्हणाले. "सोमवार, मंगयवार, गुरुवार, शनवार. पोराले नोकरी लागो म्हनून धरले व्हते, त्याच्या बारावीपासून. पोरगं गेलं तरी सोडले नही."

 सहा-सात वर्षं या बाईने आपल्या ताटातला घास काढून देवापुढे ठेवला होता, मुलासाठी. त्या दिवशी तिचं रक्त हलकं निघालं ते कशाने, हे पाण्याला कसं कळणार? पाणी तेवढं तोलतं. त्यांनी तिचं बोट हळुवार पुसलं, एरवी कधी इतक्या हळू पुसलं नव्हतं, आणि सुई टोचली.

थेंब पडला. ते मनात मोजू लागले. एक, दोन, तीन. थेंब निम्म्यापर्यंत गेला आणि थांबला. सात, आठ. घुटमळला. मंडपातली सगळी माणसं माना वळवून बघत होती. अकरा, बारा. थेंब हळूहळू वर आला आणि काचेला लागून तरंगत राहिला. पंधरा.

"नाही, अक्का," पितांबर म्हणाले.

"नही," तिने मान हलवली. तिच्या आवाजात या वेळी तक्रार नव्हती.

त्यांनी कागदावर लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. उपास सोडायचे, हिरवी भाजी खायची, तीन महिन्यांनी जळगावला यायचं, मी स्वतः तपासीन, असं सांगितलं. तीन महिन्यांनी ते नोकरीत असणारच होते. नाना कागद घडी घालून खिशात ठेवत होते. मयुरी आवराआवर करू लागली आणि बरणी ओतून टाकायला तिने हात घातला.

"राहू दे," पितांबर म्हणाले.

त्यांना ठाऊक होतं ते मयुरीला अजून ठाऊक नव्हतं. निकाल पंधरा सेकंदांपुरताच असतो. त्यानंतर मोरचूद थेंबात मुरत जातो, थेंब जड होत जातो, आणि मग भल्याभल्यांचा असो की अशक्ताचा, प्रत्येक थेंब खाली जातो. त्याचा तपासणीशी काही संबंध नसतो, म्हणून कुणी तो बघत बसत नाही. तोवर पुढचा माणूस आलेला असतो. चौतीस वर्षांत त्यांनीही कधी बघितलं नव्हतं.

बेबाबाई खुर्ची ओढून बरणीसमोर बसली होती. बाहेर ऊन मंडपाच्या पायरीपर्यंत आलं होतं, पलंगावरची माणसं एकेक करून उठून चहाकडे जात होती. तिच्या थेंबाचा रंग काळपट झाला होता. तो काचेपासून सुटला, जरा डुलला आणि हळूहळू खाली निघाला. तळाशी कौतिकचा, नवीनचा, गावातल्या सगळ्यांचा थेंब होता, पितांबरांचाही होता. त्यांच्यात जाऊन तो टेकला. कोणता कुणाचा ते आता ओळखू येत नव्हतं.

"गेला, भाऊ," ती म्हणाली. "खाली गेला."

पितांबर तिच्या शेजारी उभे होते. वहीत तिच्या नावापुढे त्यांनी आधीच 'अपात्र' लिहिलं होतं आणि ते तसंच राहणार होतं.

"हो अक्का," ते म्हणाले. "गेला."

आणि बरणी ओतायची घाई न करता ते तिच्याबरोबर बघत उभे राहिले.